धोंड्याच्या जेवणातलं हवाई युद्ध

मी आजवर जितकी लढाऊ विमानं पाडली, ती सगळी माझी स्वतःची होती. परक्याचं एकच पाडलं, आणि ते पडलं तेव्हा मी माझ्या विमानात नव्हतो.

घाबरू नका, हवाई दलाचा आणि माझा काही संबंध नाही. येरमाळ्याला हायवेच्या कडेला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली पाणबुडी मोटार आणून टाका, दोन दिवसांत (तीन समजा) तार भरून देतो. ही विमानं कॉम्प्युटरमधली. पण कॉम्प्युटरमधली म्हणून हसू नका! बटण दाबलं की ढिश्यांव, असला हा खेळ नाही. खऱ्या विमानात जेवढे खटके, तेवढे इथं. खऱ्यात जो खटका आधी, तो इथंही आधी. आणि खऱ्यात जो मूर्खपणा केल्यावर माणूस मरतो, तोच केल्यावर इथंही मरतो. फरक एवढाच, की इथं मेल्यावर बायको म्हणते, "झालं? या मग जेवायला."

मला या नादाला लावलं साडूंनी. दिलीपराव म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, लातूरला बँकेत साहेब. दिलीपरावांकडं प्रत्येक गोष्ट माझ्या आधी येते. कार आधी आली, एसी आधी आला, मधुमेहसुद्धा आधी त्यांनाच झाला. दिवाळीत त्यांच्याकडं गेलो तर दिवाणखान्यात विमानाची खुर्ची! हातात दांडी, पायाखाली पेडल, डोक्याला हेडफोन, आणि पडद्यावर ढगांतून सूं करत चाललेलं विमान.

"बघू, मी जरा हाकतो," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही जमायचं, मधुकरराव," दिलीपराव मानही न वळवता म्हणाले. "हे मोटारी भरण्यासारखं नाही. याला डोकं लागतं."

हे ते माझ्या बायकोसमोर म्हणाले. वर माझ्या बायकोनं मान डोलावली! मग माझ्यापुढं दुसरा मार्गच उरला नाही.

मुलगा पुण्याला कॉलेजला गेल्यापासून त्याचा मोठा कॉम्प्युटर घरी झाकून ठेवलेला होता. त्याच्यावरचा टॉवेल काढला, दांडी मागवली, खेळ भरला, आणि एका रविवारी सकाळी आंघोळ करून विमान निवडायला बसलो. आमच्याकडच्या वाशीच्या बैलबाजारात आमचे वडील बैल निवडायचे तसं मी एकेक विमान फिरवून फिरवून बघितलं. पुढून बघितलं, शेपटाकडून बघितलं, चाकं बघितली. आणि त्यातलं सगळ्यात नवं, सगळ्यात देखणं, सगळ्यात जास्त बॉम्ब लटकवलेलं निवडलं. सुरुवात करायची तर वरूनच करावी, असा माझा स्वभाव आहे.

विमानात बसलो. आत काळोख.

दांडी हलवली, काळोख. रेस वाढवली, काळोख. डावीकडं खटके, उजवीकडं खटके, गुडघ्याशी खटके, सगळ्यांवर बारीक इंग्रजी अक्षरं. शैला चहा घेऊन आली. (शैला म्हणजे माझी बायको. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवते.) पडद्याकडं बघत म्हणाली, "लाईट गेली का?"

"विमानातली गेलीय."

"मग बोर्डाला फोन लावा," म्हणाली आणि निघून गेली.

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात तीन फेजशिवाय दुसरा विचार केला नाही, त्याला बॅटरीचा खटका सापडेना! दुपारी सापडला. संध्याकाळी इंजिन सुरू झालं. तो आवाज ऐकून मला इतका आनंद झाला की मी शेजारच्यांना बोलावून आणलं. आता उडणार! रेस दिली. विमान गुरगुरलं, थरथरलं, आणि जागचं हललं नाही. आणखी दिली. चाकाखाली अडकवलेले ठोकळे काढायला रेडिओवरून खालच्या माणसाला सांगावं लागतं, हे मला कुठं ठाऊक! मी हेडफोनमध्ये ओरडलो, "ए भावा, दगड काढ की चाकाखालचा!" ते विमान अमेरिकेचं. त्यांचा भावा मराठी कळणारा नव्हता.

मग मी ठरवलं की नव्या विमानांत राम नाही. ती कॉम्प्युटरनं नासवलेली. आपण जुन्या, मर्दानी काळातलं घ्यावं. पुढं पंखा, मागं शेपूट, बास! हे लगेच सुरू झालं. धावपट्टीवर आणलं, रेस दिली, आणि ते डावीकडं निघालं. तुम्ही कधी डावा बैल अंगचोर असलेली गाडी हाकलीय का? तसंच. पंख्याच्या फिरण्यानं विमान एका अंगाला ओढतं, ते पायानं सावरायचं असतं. मी तोंडानं सावरत होतो. "हां, हां, हां, इकडं, अरे इकडं!" विमान गवतातून गेलं, कुंपणातून गेलं, आणि पेट्रोलच्या टाक्यांशी जाऊन थांबलं. थांबलं म्हणजे, पेटलं.

त्यानंतर हेलिकॉप्टर घेतलं. पंखा फिरतो म्हणजे मोटारच की, आपल्या जातीचं! ते जमिनीपासून हातभर वर आलं आणि भोवऱ्यासारखं असं फिरलं की मला खरोखरची ओकारी आली. हेलिकॉप्टरबद्दल मी एवढंच बोलेन.

"शिकाऊ विमान घ्या ना," शैला म्हणाली. "पोरं बाराखडी आधी शिकतात, मग धडा."

"मी काय बालवाडीत आहे?"

"बालवाडीतली पोरं कुंपणात जात नाहीत."

पण तिच्या मनात काय आलं कोण जाणे, खुर्ची ओढून ती माझ्या शेजारी बसली आणि खटक्यांवरची इंग्रजी अक्षरं वाचून, अर्थ सांगायला लागली. आणि काय सांगू! तिसऱ्या रविवारी विमान उडालं. उतरलं नाही, पण उडालं. माझा आत्मविश्वास तर कधी खाली आलाच नव्हता. आता तो ढगांत गेला.

आणि मग आम्हाला आमचं विमान सापडलं. दोन माणसांचं. पुढचा हाकतो, मागचा रडार बघतो आणि शत्रू कुठं आहे ते सांगतो. शैलासाठी एक दणकट लॅपटॉप घ्यावा लागला. (शाळेच्या कामासाठी, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.) विमान तेच, पण पुढची सीट माझ्या पडद्यावर आणि मागची तिच्या. म्हणजे नवरा पुढं, बायको मागं. आमची मोटारसायकलच, फक्त पंख असलेली!

आणि बोलणंही तेच.

"अहो, हळू घ्या की!"

"हळू घेतलं तर पडेल!"

"डोंगर आहे पुढं."

"दिसतोय."

"दिसतोय तर मग त्याच्याकडंच का चाललाय?"

पहिल्याच फेरीत तिनं विचारलं, "ही पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची कडी कशाची हो?" मी सांगणार, एवढ्यात धडाम! वरची काच उडाली, आणि आम्ही दोघं आकाशात, छत्रीला लोंबकळत. आमचं विमान आमच्याशिवाय सरळ निघून गेलं, बिचारं. जीव वाचवायची कडी ती. आणि या विमानात मागच्यानं ओढली तर पुढचाही बाहेर फेकला जातो! त्याला कुणी विचारत नाही. (संसार करणाऱ्या माणसानंच हे विमान बनवलं असणार.) मी कडक नियम केला. "मी स्वतः ‘ओढ’ म्हटल्याशिवाय त्या कडीला हात लावायचा नाही. कळलं?" शैला म्हणाली, "कळलं." शिक्षिका आहे. नियम म्हणजे नियम.

यंदा धोंड्याचा महिना आला. माकणीहून सासऱ्यांचा फोन आला, दोन्ही जावयांना एकाच दिवशी जेवायला बोलावणं. आता धोंड्याला जावयाचा मान मोठा हे खरं, पण दोन जावई असले की पहिला पाट कुणाला, हा प्रश्न येतो. आमच्याकडं तो प्रश्न लग्नापासून येतच नव्हता. पहिला पाट दिलीपरावांचा! पहिलं ओवाळणं त्यांना, पहिला अनारसा त्यांना, आणि मला, "मधुकररावांनाबी वाढा गं!" त्या ‘बी’चा सल माझ्या काळजात होता.

मी फोनवरच म्हणालो, "मामा, यंदा पहिला पाट लढून ठरवा. दिलीपरावांना म्हणावं, विमान घेऊन या."

सासरे तरुणपणी कुस्त्यांचे पंच होते. ते एकदम खूश झाले. "लई बेस! जितंल त्याला पैला पाट. हारंल त्यानं समद्यास्नी वाढायचं. पंच म्या!"

माकणीच्या घरात त्या दिवशी जे दृश्य होतं ते बघायला हवं होतं. बैठकीत एका भिंतीला दिलीपरावांची विमानाची खुर्ची, दुसऱ्या भिंतीला माझा कॉम्प्युटर आणि शैलाचा लॅपटॉप, मध्ये सासऱ्यांचा टीव्ही, त्याच्यावर सगळी लढाई दिसणार. वायरिंग मी केलं होतं. (लाईट एकदाही गेली नाही, हे कुणीच लक्षात ठेवत नाही.) स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. गल्लीतले लोक कॉटवर, खिडकीत, उंबऱ्यावर. सासरे मध्यभागी फेटा बांधून बसलेले.

"तुम्ही दोघं? एका विमानात?" दिलीपराव हसले. "म्हणजे मी एकटा आणि समोर नवरा-बायको. मला तर तुमचीच काळजी वाटते."

त्यांचं विमान तेच, मी पहिल्या दिवशी काळोखात बसलो होतो ते. म्हटलं, आता यांनाही बसू दे दिवसभर. तर यांनी दोन बटणं एकत्र दाबली आणि सगळे खटके आपोआप पडले, दिवे लागले, इंजिन सुरू! सगळं आपोआप चालू करायची सोय असते हे मला त्या क्षणी कळलं. मी शैलाकडं बघितलं. तिनं दुसरीकडं बघितलं.

"सलामी!" सासरे ओरडले. दोन्ही विमानं उडाली.

आता एक अडचण होती. सगळे एकाच खोलीत, म्हणजे शैला मला जे सांगणार ते दिलीपरावांना ऐकू जाणार. पण आम्ही काय कच्चे होतो! आम्ही घरीच सांकेतिक भाषा ठरवली होती. चटणी म्हणजे डावीकडं, भाजी म्हणजे उजवीकडं, उकळी म्हणजे वर, आणि पाणी घाला म्हणजे खाली. कुणाच्या बापाला कळणार नाही!

"चटणी, चटणी!" शैला ओरडली. मी डावीकडं वळलो.

दिलीपरावांच्या शेजारी त्यांची बायको, म्हणजे शैलाची सुमनआक्का, वाती वळत बसली होती. ती वातीवरची नजर न काढता म्हणाली, "अहो, डावीकडं चाललेत ते."

"तुला कसं कळलं?"

"चटणी पानात कुठल्या बाजूला वाढतात?"

दिलीपराव झपकन आमच्या मागं! शैला चिडली. "भाजी! भाजी! उकळी!"

"उजवीकडून वर," आक्का म्हणाली.

"आक्के, तू गप बैस की!"

"मी काय केलं? तू स्वयंपाक सांगतीस, मी ऐकते."

तेवढ्यात आतून सासूबाई पदराला हात पुसत आल्या. "कुठं उकळी आली गं? आमटी तर म्या उतरून ठिवली."

बैठक हसून लोळायला लागली. इकडं दिलीपरावांनी आमच्यावर क्षेपणास्त्र सोडलं! मी घामाघूम. "पाणी घाला!" शैला किंचाळली, मी विमान खाली घातलं, सासूबाई खरोखर तांब्या घेऊन आल्या, आणि क्षेपणास्त्र आमच्या डोक्यावरून सूं करत निघून गेलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. सासरे मांडीवर थाप मारून म्हणाले, "अंगाखालनं निसाटला बघ! आता घे पट!"

आणि मी पट घेतला, कुस्तीत खाली वाकून पाय धरतात तसा. खोटं सांगत नाही, त्या वेळी मी विमान असं काही वळवलं की माझाच विश्वास बसेना. दिलीपराव पुढं, मी मागं! त्यांची शेपटी माझ्या पडद्यावर फळीएवढी मोठी. दिलीपराव खुर्चीत वाकडेतिकडे होत होते. "दिसत नाही! कुठं गेले? सुमन, काय म्हणाली ती?"

"काहीच नाही म्हणाली. जेवण झालं वाटतं त्यांचं."

मला पहिला पाट दिसायला लागला. भोवतीची रांगोळी दिसायला लागली. मी बंदुकीच्या बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात घाबरलेल्या दिलीपरावांनी एकदम वेग कमी केला, आणि ती फळीएवढी शेपटी दाराएवढी झाली! आता धडकणार! विमान वर उचललं पाहिजे, दांडी पोटाशी ओढली पाहिजे. आणि मी, स्वतःलाच, जीव तोडून ओरडलो,

"ओढ! ओढ! ओढ!"

नियम म्हणजे नियम. शैलानं ओढली.

धडाम! काच गेली, मी गेलो, शैला गेली. टीव्हीवर दोन छत्र्या उमलल्या. आणि आमचं रिकामं विमान, कुणी हाकणारं नसताना, आयुष्यात पहिल्यांदा अगदी सरळ रेषेत गेलं आणि दिलीपरावांच्या विमानात घुसलं. आगीचा गोळा! दिलीपरावांचा पडदा काळा. दिलीपरावांचा चेहरा त्याहून काळा.

आम्ही दोघं टीव्हीवर झुलत झुलत खाली येत होतो, सावकाश, एखाद्या वरातीसारखे. मग गल्लीतला कुणीतरी ओरडला, "पडलं! थोरल्या जावयाचं पडलं!"

"हे नियमात नाही!" दिलीपराव उभे राहिले. हेडफोनची वायर ताणली जाऊन खुर्ची त्यांच्यामागं आली. "मामा, ते विमानात नव्हतेच! ज्याच्या विमानात कुणी नाही तो जिंकला कसा?"

मी शांतपणे म्हणालो, "दिलीपराव, याला डोकं लागतं. हा डाव मी ठरवून टाकला." (इतकं ठाम मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.)

सासऱ्यांनी हात वर केला. "गप ऱ्हावा दोघंबी. म्या इचारतो तेवढंच सांगा. दिलीपराव, तुमी जित्तं हाय का?"

"नाही."

"मंग बसा खाली, मेल्या मानसानं बोलू न्हाय. जावईबापू, तुमी इमानात व्हता का?"

"ठरवून नव्हतो, मामा."

"म्हंजी इमान सोडलं तुमी."

"हो, पण..."

"इमान सोडलेल्या मानसाला आमच्या घरात पैला पाट द्यायचा? लोक काय म्हंतील?"

गल्ली खो खो हसली. मी समजावून सांगायला गेलो की मामा, इमान नाही, विमान, वि-मा-न. पण ‘वि’ त्या बैठकीत कुणालाच महत्त्वाचा वाटला नाही.

"आन कडी कुनी वडली?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी, आण्णा," शैला म्हणाली. "यांनी सांगितलं म्हणून."

"नवऱ्याचं ऐकलं, नवऱ्याचा जीव वाचवला, आन दाजीलाबी पाडलं. एका हातात तीन कामं!" सासऱ्यांनी फेटा सारखा केला. "पैला पाट शैलीचा. दोन्ही जावई वाढत्याल."

म्हणून यंदाच्या धोंड्याला, सगळ्या माकणीच्या साक्षीनं, जावयांच्या पाटावर माझी बायको बसली. सासूबाईंनी तिला ओवाळलं. अनारशांचं ताट तिच्यापुढं. आणि मी पुरणपोळीची परात घेऊन वाकलेला, मागं तुपाची वाटी घेऊन दिलीपराव. सुमनआक्का म्हणाली, "भाऊजी, चटणी डावीकडं वाढा हं. तुम्हाला तर पाठच आहे."

पण खरी गंमत पुढं झाली. सासऱ्यांना ही लढाई इतकी आवडली, की त्यांनी माकणीपासून कळंबपर्यंत ज्याच्या ज्याच्याकडं फोन आहे त्याला ती सांगितली. सांगताना कॉम्प्युटरचा उल्लेख त्यांना महत्त्वाचा वाटला नसावा. येरमाळ्याच्या स्टँडवर चहा प्यायला गेलो तर लोक माझ्याकडं वळून बघायचे. चहावाला पैसे घेताना "जपून ऱ्हावा" म्हणायला लागला. मला बरं वाटायचं. कीर्ती कशानंही होवो, ती होते आहे ना!

आठवड्यानं एक म्हातारे शेतकरी टेम्पोत जळालेली पाणबुडी मोटार घालून दुकानी आले. टेम्पोवाल्यानं आणि मी ती खाली उतरवली. त्यांनी माझ्याकडं खालून वर बघितलं.

"ते इमानातनं उडी मारलेले मिस्त्री तुमीच का?"

मी छाती पुढं काढली. "व्हय, मीच तो."

"म्हंजी इमान चालू व्हतं, आन तुमी मधीच सोडून दिलं?"

"तसा डावच होता, बाबा."

त्यांनी जरा विचार केला आणि टेम्पोवाल्याला हाक मारली. "ए, घे रं ही मोटार परत वर. अर्ध्यात सोडून उडी मारनाऱ्याकडं म्या काम न्हाय टाकत."

मोटार भरलेल्या पोत्यापेक्षा जड होती. म्हाताऱ्याला आणि टेम्पोवाल्याला काही ती उचलेना, म्हणून शेवटी मीच हात लावला आणि टेम्पोत चढवून दिली.